नावाडणीवरचा राग

त्या नावाडणीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात पोह्यांची कढई होती, आणि ती बाई मला पहिल्या नजरेतच आवडली नाही.

शनिवारी सकाळी कापेल या डच गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये नवरा आणि मुलगी सोफ्यावर मांडी घालून एक जपानी अ‍ॅनिमे मालिका बघत. गोष्ट एका सामुराईची. त्याचा धनी लढाईत पडलेला, आणि धन्याचं शिरस्त्राण धन्याच्या म्हाताऱ्या आईला नेऊन द्यायला हा एकटा उत्तरेकडे निघालेला. दर भागात नवं गाव, नवा वैरी, नवी तलवारबाजी. मला त्यात रस नव्हता, तक्रारही नव्हती. बापलेकी आठवड्यातून एकदा एका जागी बसतायत ना, मग बसू देत. एका भागात नदीला पूर येतो आणि एक बाई सामुराईला होडीतून पलीकडे सोडते. सगळं मिळून मिनिटभराचं काम. ती कोण, कुठली, हेही तो विचारत नाही. ती त्याला "पाय कोरडे ठेव" म्हणते, होडी वळवते आणि संपलं.

मुलगी उठून टीव्हीपाशी गेली, पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हिची स्वतःची पुस्तकं आहेत."

"हिची? हिनं काय केलंय एवढं?"

"तेच तर पुस्तकात आहे, आई."

तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे. प्रत्यक्षात मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते आणि चिडली की डचमध्ये.

मग तिनं मला समजावलं. मालिका गाजली की तिच्यातलं एखादं बारकं पात्र उचलून त्याच्यावर वेगळी मांगा काढतात, म्हणजे चित्रकथेची पुस्तकं. त्याला स्पिन-ऑफ म्हणतात. नावाडणीची अशी पाच पुस्तकं निघाली होती आणि पाचही आमच्या लायब्ररीत होती. मुलीनं ती इतक्या वेळा घरी आणली की लायब्ररीतली बाई तिला बघितल्याबरोबर त्या कपाटाकडे बोट दाखवायची. मी एकदा त्यातलं एक हातात घेतलं. ती पुस्तकं मागून पुढे वाचायची असतात, त्यामुळे मी उघडलं तर पहिल्यालाच शेवट निघाला. तिथल्या तिथे मिटून ठेवून दिलं. माझ्या मते हा सगळा वेळेचा नाश होता, आणि तोही नेमका त्या वर्षी.

त्या वर्षी मुलगी गट आठमध्ये होती, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात. वय अकरा. या देशातल्या काही गोष्टींचा मला मनापासून संताप येतो, आणि त्यातली पहिली ही, की अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या वर्गशिक्षिका ठरवतात ते पुढे कुठल्या वाटेनं जाणार. वरची वाट विद्यापीठाकडे. मधलीला हावो म्हणतात, ती जरा कमी पुस्तकी कॉलेजांकडे. तिसरी कामधंद्याच्या शिक्षणाकडे. चाचण्या असतात, पण खरं वजन शिक्षिकेच्या म्हणण्याला, आणि त्याला नाव काय, तर 'सल्ला'. आमच्याकडे सल्ला म्हणजे ऐकायचा आणि सोडून द्यायचा. इथे सल्ला म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे आधीच सांगून टाकते. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि घरी तेच काम मी फुकट करते असं नवरा म्हणतो.

गट आठच्या मुलांना हिवाळ्यात एक मोठा प्रोजेक्ट लिहायचा असतो. विषय ज्याचा त्याचा. आमच्या मुलीनं कुणाला न विचारता विषय घेतला, नावाडीण. ती पंधरा दिवस खोलीत बसून लिहीत होती. एका बुधवारी दुपारी शाळा लवकर सुटते म्हणून मी घरून काम करत होते, तेव्हा ती मैत्रिणीकडे खेळायला गेली आणि मी तिची वही उघडली.

अकरा पानं. निळ्या पेननं, खाडाखोड करत लिहिलेली. मधे मधे पुस्तकातली चित्रं स्वतः पेन्सिलनं काढलेली, आणि होडीचा आकार कुठेच धड नाही. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एक प्रश्न: सामुराईला कळलं का? दुसऱ्या पानावर: तोंड कुठे आहे? त्याखाली नुसते आकडे, पुस्तक दोन, पान अमुक, पुस्तक तीन, पान तमुक. तिसऱ्या पानापर्यंत मी गेलेच नाही. मी वही मिटली. वर्षाच्या या टप्प्यावर, सल्ल्याच्या तोंडावर, ही मुलगी बाईंना तोंडाचे आकडे लिहून देणार होती.

इथे मला माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं. मी पुण्यात चौथीत असताना आम्हाला जलचक्राचा तक्ता करून आणायला सांगितला होता. वडील ऑफिसातून आले, हातपाय धुतले, जमिनीवर कार्डशीट पसरलं आणि टाकानं अशी अक्षरं काढली की छापखान्यानं लाजावं. आईनं कापसाचे ढग चिकटवले. चोहोबाजूंनी वेलबुट्टीची बॉर्डर. मी फक्त डिंकाची बाटली धरून बसले होते. त्या तक्त्याला शाळेत पहिला नंबर मिळाला आणि स्टेजवर मी गेले. वर्गातल्या सगळ्यांचेच तक्ते सगळ्यांच्याच आईबापांनी केले होते, बाईंनाही ते ठाऊक होतं, आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. ज्याच्या घरी कुणी करून दिलं नाही, त्याची सगळ्यांना दया यायची. मुलासाठी जागून बॉर्डर काढणं याला आमच्याकडे माया म्हणतात.

तेव्हा मी काय केलं हे तुम्ही ओळखलं असेल. तीन संध्याकाळी बसून नवा प्रोजेक्ट तयार केला. विषय बदलला. सामुराईच हवाय ना, मग जपानच घेऊ, पण इतिहास घेऊ. नागासाकीच्या किनाऱ्यावर एक चिमुकलं बेट आहे, तिथे डच व्यापारी दोनशे वर्षं राहून जपानशी व्यापार करत होते. म्हणजे जपानही झालं, इतिहासही झाला, आणि बाईंच्या पूर्वजांची वाहवाही झाली. बाईंना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा बेत होता, कबूल करते. माझं डच दुकानात आणि मीटिंगच्या पहिल्या दोन मिनिटांत पुरतं, म्हणून मी इंग्रजीत लिहिलं आणि कॉम्प्युटरकडून त्याचं डच करून घेतलं. नकाशा छापला. अनुक्रमणिका, संदर्भसूची, पारदर्शक कव्हर, सगळं. बॉर्डरसुद्धा केली, बारीक निळी.

मुलीला दाखवलं तेव्हा ती बराच वेळ कव्हरकडे बघत होती.

"पण हे माझं नाहीये."

"वर नाव तुझंच आहे."

"नावाडीण कुठे गेली?"

"अगं, नावाडीण घरी वाच की हवी तेवढी. हे सल्ल्यासाठी आहे. तुला वरच्या वाटेला जायचंय की नाही?"

तिनं कव्हर माझ्याकडे सरकवलं. माझी वही दे, एवढंच म्हणाली. आणि वही नव्हती. ऑफिसात आमचा एक नियम आहे, नवी आवृत्ती तयार झाली की जुनी उडवायची, नाहीतर कुणीतरी चुकून जुनीच पाठवतं. मी ती वही वर्तमानपत्रांबरोबर खालच्या रद्दीच्या कंटेनरमध्ये टाकली होती. ती लिफ्टची वाटही न बघता जिन्यानं धावत खाली गेली. कंटेनर त्या सकाळीच रिकामा झाला होता. वर आली तेव्हा तिचे गाल थंडीनं लाल झाले होते आणि ती माझ्याशी दोन दिवस फक्त हो-नाही एवढंच बोलली. मी मनात म्हटलं, आज चिडेल, उद्या आभार मानेल. आमच्याकडे सगळ्या आया हेच म्हणतात.

इथे शाळेत पालकांना दहा मिनिटं मिळतात. अकराव्या मिनिटाला पुढचे पालक दारातून डोकावतात. सल्ल्याच्या भेटीला मूलही सोबत बसतं, ही आणखी एक रीत. नवरा ऑफिसात अडकला होता, त्यामुळे आम्ही दोघीच गेलो आणि मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसलो. बाई तरुण होती, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. इथे मुलं बाईंना युफ म्हणतात आणि अरेतुरे करतात, त्याचीही मला कधी सवय झाली नाही.

युफनं आमचा प्रोजेक्ट समोर ठेवला. काही शब्दांखाली पेन्सिलच्या रेघा होत्या.

"हे फार नीटनेटकं आहे," ती म्हणाली. मी मान डोलावली. तिनं मुलीकडे बघितलं. "हे तू स्वतः लिहिलंस का?"

त्या क्षणी मी काय करत होते ते मला लख्ख आठवतं. मी खिडकीबाहेर सायकलींच्या रांगेकडे बघत होते. एक सायकल वाऱ्यानं आडवी पडली होती, आणि ती कुणाची असेल याचा मी फार मन लावून विचार करत होते.

मुलगी "हो" म्हणाली.

"मग 'व्यापारी संबंध' म्हणजे काय ते तुझ्या शब्दांत सांगशील?"

मुलगी त्या पेन्सिलच्या रेघांकडे बघत राहिली.

"डच लोकांना त्या बेटावरून बाहेर पडता येत नव्हतं. का बरं?"

मुलीनं त्या प्रोजेक्टचं एक पानही वाचलं नव्हतं, आणि तिनं का वाचावं?

युफनं प्रोजेक्ट मिटला. आवाज न चढवता, बेरजेचं उत्तर सांगावं तशी ती बोलली. चाचण्यांमध्ये मुलगी दोन्ही वाटांच्या मधोमध होती, त्यामुळे युफ या प्रोजेक्टची वाट बघत होती. पण मुलगी जे लिहिते ते तिला समजत नाही असं दिसतंय. सल्ला हावो.

"ती घरी खूप वाचते," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"हो, मला माहीत आहे. नदीवरच्या त्या बाईविषयी तिनं मला सगळं सांगितलं होतं. मला वाटलं होतं ती त्यावर लिहील." तिनं मुलीकडे बघितलं. "मी त्याची वाट बघत होते."

मला तो टोमणा वाटला. दारात पुढचे पालक उभे होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि मला डचमध्ये भांडता येत नाही. यासारखी शिक्षा नाही. मराठीत मी त्या बाईला उभं सोललं असतं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "हावो काही वाईट नसतं. माझ्या टीममधला एक जण हावोतूनच आलाय." त्याच्यावर मी अर्धा तास ओरडले. मुलीवर ओरडले, एवढंसं उत्तर देता येऊ नये? नुसतं वाचून ठेवलं असतंस! ती बूट काढत होती. तिनं एक बूट काढला, दुसरा तसाच ठेवला आणि खोलीत गेली.

मग मी आमच्या मराठी आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं. तिथे आगीत तेल ओतायला माणसं तयारच असतात. बुइटनव्हेल्डर्ट भागात राहणाऱ्या मैत्रिणीनं लगेच फोन केला. "लिहून दे शाळेला," ती म्हणाली. "आपली मुलं म्हटली की हे लोक एक पायरी खालीच ठेवतात. गप्प बसू नकोस." ती म्हणते ते होतंही. खरोखर होतं, कित्येकांच्या बाबतीत होतं. म्हणून तर ते जिथे लागू नाही तिथेही वापरायला इतकं सोपं जातं.

तीन आठवडे मी शाळेला तक्रारीचा ईमेल लिहीत होते. मेट्रोत, जेवणाच्या सुट्टीत, डाळ शिजेपर्यंत. वाक्य कापायचं, धार लावायची, पुन्हा कापायचं. त्या तीन आठवड्यांत मला फार बरं वाटत होतं, हेही सांगायला हवं. रागाला एक पत्ता मिळाला होता. मुलगी रोज शाळेत जात होती, त्या बाईसमोर बसत होती, परत येत होती, आणि मी तिला एकदाही काही विचारलं नाही. माझं लक्ष ईमेलकडे होतं.

ईमेल भक्कम करायचा तर पुरावा हवा. माझी मुलगी किती गुंतागुंतीचं वाचते ते दाखवायचं तर आधी मला ते माहीत हवं. म्हणून एका रविवारी दुपारी, ती मैत्रिणीकडे गेली असताना, मी तिच्या टेबलावरची लायब्ररीची पाच पुस्तकं उचलली आणि स्वयंपाकघरात बसून मागून पुढे वाचायला घेतली.

गोष्ट होडी वळते तिथून सुरू होते. सामुराई टेकडीमागे गेला आहे. तासाभरात त्याचा पाठलाग करणारे शिपाई घाटावर येतात आणि नावाडणीला विचारतात, कुणाला पलीकडे सोडलंस का? होडीत शिरस्त्राणाची लाल दोरी पडली आहे. तो विसरलाय. ती तिच्यावर पाय ठेवते आणि म्हणते, नाही. एवढंच. पुढची सगळी पुस्तकं त्या एका 'नाही'ची आहेत. शिपाई होडी जाळतात. गाव तिला तोडतं, कारण तिच्यामुळे गावावर पहारा बसतो. तिची बहीण तिला घरात घेत नाही. ती एकटी लाकूड तासून दुसरी होडी बनवायला घेते. आणि त्या सगळ्यात सामुराई येतो एकदाच, दुसऱ्या पुस्तकात, लांब टेकडीवर पाठमोरा बसून भात खाताना. खाली नदीवर धूर आहे. तो वळूनही बघत नाही.

मी खवळले. खरंच, स्वयंपाकघरात एकटी बसून मोठ्यांदा बोलले, "अगं, सांग ना! सांगून टाक ना, त्याच्यासाठी का मरतेस?" पण ती बाई सांगत नाही. पुन्हा पुन्हा तिला विचारतात, कोतवाल विचारतो, बहीण विचारते, आणि दर वेळी ती नाही म्हणते. तिसऱ्या पुस्तकात कुठेतरी माझ्या लक्षात आलं, की ती खोटं बोलते त्या प्रत्येक चौकटीत तिचं तोंडच काढलेलं नाही. चौकट नाकापाशी कापलेली आहे. मी मागची पानं उलटून बघितली. सगळीकडे तसंच. पुस्तक दोन, पुस्तक तीन. तोंड कुठे आहे?

माझ्या मुलीनं ते शोधून काढलं होतं. अकराव्या वर्षी, एकटीनं, आकडे मांडून. वीस वर्षं चुका शोधण्याची नोकरी करणाऱ्या मला ती वही हातात असताना ते दिसलं नाही.

आणि मग दुसरंही दिसलं, जे मी तीन आठवडे बघायचं टाळत होते. बाईंनी विचारलं होतं, हे तू लिहिलंस का. मुलगी "नाही, आईनं लिहिलं" म्हणाली असती तर ती सुटली असती. बाईंनी तिला तिथेच नदीवरच्या बाईविषयी विचारलं असतं आणि तिनं दहा मिनिटं न थांबता सांगितलं असतं. ती "हो" म्हणाली ती मला वाचवायला. मी बाजूला बसले होते, पाठमोरी.

मी ईमेल पुसून टाकला. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि आता तो ठेवायला माझ्याशिवाय दुसरी जागा उरली नव्हती.

सोमवारी सकाळी ऑफिसला उशिरा येते असं कळवून मी शाळा भरायच्या आधी युफला भेटले. मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं. प्रोजेक्ट मी लिहिला. तिची वही मी टाकली. ती खोटं बोलली ती माझ्यासाठी. युफ ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "हे सांगणं सोपं नव्हतं. धन्यवाद. मी तिच्याशी बोलते." मी सायकलवर बसले. समोरून वारा होता तरी पाय हलके फिरत होते. घोडं गंगेत न्हालं, मी मनात म्हटलं. दिवसभर मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटत होता.

संध्याकाळी मुलगी मैत्रिणीकडून घरी आली ती दप्तर न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"तू तिला सांगितलंस?"

"हो गं. मला सांगायलाच हवं होतं."

"मला न विचारता?"

"तुझ्यासाठीच..."

"प्रोजेक्टही माझ्यासाठीच होता!" ती ओरडली. इतक्या मोठ्या आवाजात ती माझ्यावर कधीच ओरडली नव्हती. "मी तिच्या तोंडावर हो म्हणाले होते. आज तिनं मला बाजूला बोलावलं आणि तिला सगळं आधीच माहीत होतं! तू खरं बोलून मोकळी झालीस, आणि मी खोटारडी ठरले. मी तिला सांगणार होते. मी! मी पत्र लिहीत होते. शुक्रवारी देणार होते."

"कुठलं पत्र? दाखव, बघू मी."

ते माझ्या तोंडून निघून गेलं. विचार करायच्याही आधी, सवयीनं. मी हातसुद्धा पुढे केला होता.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग दप्तर खांद्यावर सारखं करून खोलीत गेली आणि दार लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते हळूच लावलं, कडीचा आवाजसुद्धा येऊ न देता.

युफनं तिला वर्ग सुटल्यावर अर्धा तास दिला, नावाडणीविषयी बोलायला. कागदाशिवाय, माझ्याशिवाय. मी तेव्हा शाळेच्या अंगणात उभी होते, इतर आयांच्यात, हातमोजे काढत घालत. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. मुलगी बाहेर आली, मी विचारलं काय काय बोललीस, ती "झालं" म्हणाली आणि सायकलचं कुलूप काढायला वाकली. पुढच्या आठवड्यात सल्ला बदलून आला: दोन्ही वाटांची मुलं जिथे दोन वर्षं एकत्र शिकतात, तो वर्ग. वाट नंतर ठरेल. ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. बुइटनव्हेल्डर्टची मैत्रीण म्हणाली, "बघ, लिहून दिलंस म्हणून." मी तिला खरं सांगितलं नाही. म्हणजे अजूनही माझं हेच चाललं होतं, आणि त्याचा मला वेगळा राग आला.

मला हवं होतं ते जवळजवळ सगळं मिळालं. त्या पाऊण तासात ती काय बोलली, सामुराईला कळलं की नाही, याचं तिनं शोधलेलं उत्तर काय, ते युफला माहीत आहे. नवऱ्यालाही माहीत आहे, तो शनिवारी तिच्या शेजारी बसतो. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "तिला विचार ना." मी पोह्यांच्या ताटल्या त्यांच्यासमोर ठेवते तेव्हा दोघं बोलायचे थांबतात. मग मी कढई घासायला आत येते आणि ती नको इतकी घासते.

उन्हाळ्यानंतर ती नव्या शाळेत जायला लागली. पहिल्याच महिन्यात त्यांना वर्गशिक्षकांसाठी एक पान लिहायचं होतं, मी कोण आहे, मला काय आवडतं, कशाची भीती वाटते. संध्याकाळी मी भाजी चिरत होते. ती पान घेऊन आली आणि टेबलावर ठेवलं. तळाशी छापलेलं होतं, 'मी हे वाचलं आहे', आणि त्याखाली पालकांच्या सहीची रेघ. वरच्या मजकुरावर तिनं आपला तळहात ठेवला होता, बोटं फाकवून, मनगटापर्यंत दाबून, म्हणजे एक ओळही दिसू नये.

"इथे," ती म्हणाली.

मी हात पुसले आणि सही केली.